हयातीचा दाखला

— नाही, नाही, चहा नको, साहेब. चहा घेतला की छातीत धडधडतं, आणि धडधडायला लागलं की मी मुद्दा सोडून भलतीकडे जातो — तसा मी जातोच, आमची ही म्हणायची, तुम्हाला वेळ विचारली तर तुम्ही घड्याळ कसं बनवतात ते सांगता. म्हणायची — आता नाही ती, दोन वर्षं झाली. तर कुठे होतो मी? हां. तुम्ही परवा ज्या बाईंना उचललंत — उचललंत म्हणू नको? बरं, चौकशीसाठी बोलावून घेतलंत — त्या नोंदणी कार्यालयातल्या, खिडकी क्रमांक चारच्या बाई, त्या घुबड नाहीत. एवढंच सांगायला आलोय मी. बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसलो होतो ना, तेव्हा हेच वाक्य पाठ करत होतो. त्या बाई घुबड नाहीत. झालं. खरं म्हणजे आता मी उठून जायला हवं.

पण तुम्ही म्हणणार, कशावरून? आणि म्हणायलाच हवं. मी तुमच्या जागी असतो तर मीही म्हणालो असतो. छत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, साहेब, पुराव्याशिवाय तोंड उघडू नये हे पोरांना सांगून सांगून घसा बसला. आता तुमच्या पुढ्यातल्या त्या फाइलवर — मला उलटं वाचता येतं, परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारून मिळालेली एकच विद्या — तिच्यावर ‘घुबड’ असं लिहिलंय, आणि खाली जो कागद टाचलाय तो तक्ता माझा आहे. होय, माझाच. तळटिपांसकट. ‘शंकेखोर’ म्हणजे मी. म्हणजे इंटरनेटवरच्या त्या गप्पांच्या कट्ट्यावर मी शंकेखोर, घरी मी बाबा, आणि इथे कोण ते तुम्ही ठरवा. तुम्हाला वाटलं असेल शंकेखोर म्हणजे कोणी तरणाबांड, अंधाऱ्या खोलीत संगणकाचे तीन पडदे लावून बसलेला — तर हे बघा, हा असा आहे, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

कट्टा माहीतच असेल तुम्हाला. नाही? कधी फिरकला नाहीत? भाग्यवान आहात. सरकारने सगळ्यांना एकेक क्रमांक द्यायचं काढलं ना, तेव्हापासून तिथे तोच धिंगाणा. एका बाजूचे म्हणायचे, ज्यानं काही केलं नाही त्यानं भ्यायचं कशाला. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, मग तुमच्या न्हाणीघराला कडी कशाला लावता. एवढंच. चार वर्षं. हेच दोन चेंडू इकडून तिकडे. एक ‘सत्यवचनी’ नावाचे गृहस्थ होते, ते रोज न चुकता खोटं बोलायचे. एकजण कुठलाही विषय निघाला तरी युद्धावर यायचा, यंत्र बिघडलं तरी युद्ध, पाणी गेलं तरी युद्ध. आणि त्या सगळ्या कावकावीत घुबड — शांत. शिवी नाही, आरडाओरडा नाही. ‘सदर बाब अशी आहे’ असं सुरू करायचं आणि बाब सांगून गप्प बसायचं. त्यानंच ते दाखवून दिलं ना, की नोंदणीची यादी उघडी पडलीय, कुलूप भलंमोठं आणि किल्ली दारालाच टांगलेली — कोणीही कोणाचाही क्रमांक घालावा आणि घर, आजार, औषधं, सगळं वाचावं. पुरावा म्हणून एक पान टाकलं, लोकांची नावं काळी करून. त्यावर खात्यानं काय केलं? किल्ली काढली? छे. किल्ली कोणी पाहिली त्याचा शोध सुरू केला. — नाही, तुमच्यावर टीका नाही ही. तुम्हाला काम दिलंय, तुम्ही करताय. मीही कामच केलं, नाही का.

आता माझं घुबडाशी भांडण त्या यादीवरून नव्हतंच. यादीबद्दल ते खरं बोलत होतं, मला माहीत होतं. माझं भांडण वेगळं — घुबड म्हणायचं, नीट काळजी घेतली तर माणूस नाव लपवून खरं बोलू शकतो. मी म्हणायचो, नाही बोलू शकत, गणित त्याला बोलू देत नाही. माणूस कधी गप्प असतो, कधी जेवतो, कुठला शब्द वारंवार वापरतो — प्रत्येक गोष्ट म्हणजे एक चाळण, आणि चाळणीवर चाळण ठेवत गेलं की शेवटी एकच दाणा उरतो. मी हे समजावून सांगितलं, उदाहरणं दिली, दोन समीकरणंही टाकली. तर घुबडानं काय लिहावं? ‘गुरुजी, तुमचं गणित फळ्यावरचं. फळा पुसला की गणित संपलं.’ आणि त्याखाली शे-दीडशे लोक हसले. हसण्याची चित्रं असतात ना पिवळी, ती. एकशे सत्तेचाळीस. मी मोजली. तुम्हाला हसू येत असेल — एवढा शिकलेला माणूस, पंचाहत्तरीला आलेला, आणि पिवळ्या तोंडांनी घायाळ होतो. पण एकटं राहायला लागलं ना साहेब, की दिवसभरात आपल्याला उद्देशून बोललेलं एवढंच असतं.

मग मी बसलो. तीन आठवडे. घुबडाची चार वर्षांतली सगळी टिपणं उतरवून घेतली, अकराशे चाळीस. कधी लिहिली, किती लांब, कोणते शब्द. दीड ते दोन — म्हणजे जेवणाची सुट्टी. ‘सदर’, ‘उपरोक्त’ — म्हणजे सरकारी टेबल. मागच्या वर्षी ओळीनं चार दिवस घुबड गायब, आणि नेमके तेच चार दिवस नोंदणी कार्यालयाचा दुसरा मजला रंगकामासाठी बंद. अख्ख्या शहरात तेवढं एकच कार्यालय बंद होतं. कर्मचाऱ्यांची यादी खात्याच्याच फलकावर असते. चाळत चाळत आलो — सातशे, नव्वद, तीस, अकरा. दुसऱ्या मजल्यावरची अकरा माणसं. अकरावर मी थांबलो. थांबलो हे लिहा हं तुमच्या वहीत, पुढे जाता आलं असतं तरी थांबलो. नावं दिली नाहीत. फक्त पद्धत दिली, तक्ता दिला, आणि वर मथळा — ‘नाव लपवण्याचा भ्रम : एक उदाहरण’. उदाहरण! एखाद्या मधमाशीला टाचणी लावून खाली लिहावं, तसं. सहा हजार लोकांनी वाचलं. मी मुलीला फोन केला, ती लांब असते, म्हटलं बघ, तुझ्या बापाला अजून येतं. ती म्हणाली, ‘बाबा, आणि त्या माणसाचं काय?’ मी म्हटलं, अगं तो माणूस नाही, ते घुबड आहे. — असं म्हटलं मी. विनोद म्हणून.

मी त्याला सावध करत होतो, असंही मी स्वतःला सांगतो. म्हणजे बघ बाबा, मला सापडतोस तर तुझ्या वाईटावर टपलेल्यांना का सापडणार नाहीस. अर्धं खरं असेल. अर्धं — जाऊ दे.

तर तुम्ही माझा तक्ता घेतलात, अकरा जण रांगेत उभे केलेत, आणि त्यातल्या बाई निवडल्यात. का? कारण मागे त्यांनीच वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली होती, की यादी उघडी आहे. वर्तमानपत्रात आलंय. म्हणजे ज्यानं रीतसर दार वाजवलं त्यालाच चोर ठरवलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच — तसं घुबडाला चोर म्हणत नाहीये मी, म्हण आहे ती, लिहू नका. आणि चूक तुमची नाही, माझी आहे. अकरा म्हणजे अकरा असतात, अकरा म्हणजे एक नव्हे. मी तळटिपेत लिहिलंही होतं, पण तळटीप कोण वाचतं? माझे विद्यार्थीही वाचत नसत.

म्हणून पुरावा आणलाय. थांबा, या पिशवीत. हे इंजेक्शनचे कागद, हे नव्हे — हा. हा माझा हयातीचा दाखला. निवृत्तिवेतनवाल्यांना दरवर्षी स्वतः जाऊन सांगावं लागतं ना, की बाबांनो, मी जिवंत आहे, तो. खिडकी चारवर या बाईच बसतात. मला सगळं आठवतं त्या दिवशीचं — लिफ्ट बंद, दोन मजले चढून माझी वाट लागलेली, पंखा गरगरतोय पण वारा नाही, बाईंच्या मागे भिंतीशी एक खुर्ची रिकामी, पाठीवर तपकिरी स्वेटर टाकलेला. बाई म्हणाल्या, ‘आजोबा, आधी श्वास घ्या, मग सांगा जिवंत आहात म्हणून.’ काय गोड बाई हो! आणि त्यांनी शिक्का मारला. नव्या यंत्राचा शिक्का, त्यात वेळही उमटते — या यंत्राविरुद्ध मी कट्ट्यावर नऊ टिपणं लिहिली होती, आणि आज त्याचेच पाय धरतोय. बघा. मंगळवार, तीन वाजून दहा मिनिटं. खाली त्यांची सही. आणि आता हा दुसरा कागद, घुबडाचं मला आलेलं पत्र. तोच मंगळवार, तीन वाजून बारा मिनिटं. दोन मिनिटांत बाई माझ्यासमोर, माझ्याच कागदाची घडी घालून देतायत, हातात फोन नाही, काही नाही — आणि घुबड दुसरीकडे बसून मला चांगली दीड पानं लिहितंय. आहे की नाही? हातच्या काकणाला आरसा कशाला!

पत्र म्हणजे — हो, आम्ही पत्रं लिहायचो. खाजगीत. हे सांगायचं नव्हतं खरं तर. चारचौघांत भांडायचो आणि खाजगीत — कसं सांगू. ही गेली तेव्हा मी तीन दिवस कट्ट्यावर गेलो नव्हतो. तीनच दिवस. मुलगी निघून गेली, शेजारीपाजारी येऊन गेले, आणि चौथ्या दिवशी उघडून बघतो तर घुबडाचं पत्र : ‘शंकेखोर, तीन दिवस दिसला नाहीत. बरे आहात ना?’ अख्ख्या जगात एका माणसाच्या लक्षात आलं, साहेब, की मी गप्प आहे. मी त्याच्या गप्प राहण्याचा तक्ता केला. त्यानं माझ्या गप्प राहण्याचं — असो. मग रोज काहीतरी असायचं. भाताला पाणी किती, बोटाच्या पेरानं मोजा. तिच्या साड्यांचं काय करू, तर म्हणे वर्षभर काहीच करू नका, कपाटाला घाई नसते. कट्ट्यावर दुपारी मला फाडून खायचं आणि संध्याकाळी विचारायचं, गुडघा कसा आहे.

काय म्हणालात? एकच दिवस? — हो, बरोबर आहे तुमचं. पत्र आधी लिहून ठेवून नंतर पाठवता येतं. दुसऱ्या कोणाकडून पाठवून घेता येतं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे तर मी पहिल्याच तासाला शिकवायचो. शाब्बास, तुम्ही माझ्या वर्गात असता तर पुढच्या बाकावर बसवलं असतं. पण मी काय एकाच कागदावर येईन? एका पावसावरून पिकाचा अंदाज बांधणारा माणूस नाही मी. हे घ्या. चौदा मंगळवार. सगळी पत्रं छापून आणलीत, तारीखवार लावलीत. घुबडाची मंगळवारची पत्रं नेहमी लांबलचक, आणि नेहमी तीन ते साडेचार, कारण तेवढा वेळ ते बाहेर बसून असतं — लेकराला आत घेऊन जातात ना, हाताच्या व्यायामाला. जन्मापासून उजवा हात वळत नाही. चेंडू धरायला शिकवतात. हे बघा, इथे : ‘आज दोनदा धरला.’ आणि हे, पुढच्या मंगळवारी : ‘आज धरून माझ्याकडे फेकला, गुरुजी, आणि मी झेलायचा विसरलो.’ आणि खिडकी चार तर मंगळवारी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठीच उघडी असते, पाचपर्यंत, बाईंना मंगळवारी हलता येतच नाही, कोणालाही विचारा. चौदापैकी चौदा. योगायोगानं असं घडण्याची शक्यता किती, सांगू? मी काढून आणलीय, शेवटच्या पानावर, चौकटीत. आता तुम्हाला बाईंना सोडावंच लागेल. सोडणार ना? आजच? — सोडणार. वा. वा! घरी सांगतील का हो त्यांच्या? दोन मुलं आहेत म्हणे. मला बाहेर थांबता येईल? लांबूनच बघेन, बोलणार नाही.

नाही, पाणी देऊ नका, बरं वाटतंय मला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटतंय. तुम्ही करा फोन, करा, मी बसतो. सुटकेचे काही कागद असतील.

. . . हजेरीपट? हजेरीपट कशाला मागवताय? बाईंचा ना? बाई मंगळवारी होत्या की नाही ते — नाही, तुम्ही ‘अकराही जणांचा’ म्हणालात. मी ऐकलं. दुसरा मजला, अकराही जण, मंगळवार दुपारची रजा. मला कमी दिसतं, ऐकू चांगलं येतं. अहो, पण त्याची काय गरज आहे? आपला विषय बाईंपुरता होता. अकरातून एक वजा केला की दहा उरतात. मी दहा म्हणत होतो. दहा जण म्हणजे काहीच नाही, दहांत माणूस लपून राहतो, मी अकरावर थांबलो होतो ते त्याचसाठी — तुम्ही लिहून घेतलंत ना, थांबलो म्हणून? — आणि मंगळवार ही काही — मंगळवार ही —

चाळण आहे.

मला एक मिनिट द्या. ते कागद इकडे द्या जरा. त्यात चूक आहे. होय, चूक आहे, आत्ता लक्षात आलं, तारखा इकडच्या तिकडे झाल्यात. म्हातारा माणूस, चष्म्याचा नंबर बदललाय. लेकराचंही नक्की नाही, घुबड काय, काहीही लिहील, मला बरं वाटावं म्हणून लिहीत असेल. मूल नसेलच. हात उचला ना साहेब, कागदावरून. मी नीट तपासून उद्या आणून देतो. मला माझ्या कामाची नेहमीच शंका असते, म्हणून तर ते नाव घेतलं. एकदाच शंका आली नाही. आज. इथे.

त्याचं शेवटचं पत्र काय होतं माहीत आहे? तक्ता टाकला त्या संध्याकाळी. मला वाटलं रागावेल, शिव्या देईल. एकच ओळ : ‘जिंकलात, गुरुजी. गोळ्या वेळेवर घेत जा.’ त्यानंतर काही नाही. त्याला पळता आलं असतं. पण मंगळवार चुकवून कुठे पळणार? आणि मी — मी विचार करत होतो, बाईंना सोडवलं की ते मला पुन्हा लिहील.

काय? खुर्ची? कुठली खुर्ची?

मी म्हणालो? नाही — कधी म्हणालो? बाईंच्या मागे भिंत होती. भिंतच. पंखा होता. रिकामी खुर्ची वगैरे मला नाही आठवत. वय झालं, साहेब, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. तपकिरी — कोण म्हणालं तपकिरी? कार्यालयात स्वेटर काय कोणाचाही असतो, कोणीही टाकून जातं, कोणीही — मी पाहिलं नाही. मला धाप लागली होती. मी खाली मान घालून उभा होतो. लिहा की पाहिलं नाही. लिहा ना.

लिहीत का नाही तुम्ही?

. . . जाऊ? एवढंच? सही कुठे करू — नको? बरं. काठी तेवढी द्या ती. पत्रं तुमच्याकडे राहणार, ते समजलं. पण तो वरचा एक कागद, शिक्क्याचा — तो माझा आहे हो, हयातीचा, मूळ प्रत. तो दिला नाही तर तिकडे मी —

तोही लागेल. बरं.

बरं.